संगीत संशयकल्लोळ कोल्हापुरात आणायचं तर

जुनं संगीत नाटक नव्या काळात नेऊन बसवायचं म्हटलं की बहुतेक ग्रुप आधी ड्रेस ठरवतात, मग सेट, आणि नाटकात ते बसतंय का हे तालमीत कळतं. माझं म्हणणं उलटं आहे, आधी नाटकातली गाठ कुठं बसलीय ते बघा आणि ती गाठ जिथं आणखी घट्ट होईल असाच काळ निवडा.

संशयकल्लोळ यासाठी एक नंबर नाटक आहे. ते मुळातच प्रवास करत आलंय, मोलिएरचं १६६० चं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजीत केलेलं, आणि तिथनं आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते असं मराठी केलं की परकं कुठं वाटतच नाही. संगीत रूपात १९१६ ला गंधर्व नाटक मंडळीनं आणलं, बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. म्हणजे आपण ते कोल्हापुरात आणलं तर नाटकाचा अपमान वगैरे काही होत नाही, कुणी तसं म्हटलं तर हा इतिहास सांगा.

आता गाठ. अश्विनशेटचं रेवतीवर प्रेम आहे, त्यानं तिला स्वतःची तसबीर दिलीय, रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोला म्हणजे कृत्तिकेला दिसतं, तसबीर तिथंच पडते ती कृत्तिकेच्या हातात जाते, नवरा बघतो की बायको परक्या पुरुषाचा फोटो निरखत बसलीय, आणि पुढं तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात बघून अश्विनशेटचं डोकं फिरतं. म्हणजे तीन गोष्टी लागतात: फोटो हातात धरता येणारा आणि एकच पाहिजे, लोकांना एकमेकांना लगेच विचारता येता कामा नये, आणि रेवती नायकिणीच्या घरातली असल्यामुळं तिच्याबद्दल लोकांचं मत आधीच ठरलेलं पाहिजे. म्हणून आजचा काळ घेऊ नका, मोबाइल आला की एका फोनवर संशय मिटतो आणि दुसरा अंक उभाच राहत नाही.

माझी निवड १९५० च्या आसपासचं कोल्हापूर. जयप्रभा, शालिनी हे स्टुडिओ, सिनेमाचं गाव. रेवतीला सिनेमात काम करणारी नटी करा, आई मघा जुनी गाणारी. पेठेतल्या शेटजीच्या पोरानं सिनेमावालीशी लग्न करायचं हे तेव्हा घरात किती जड गेलं असतं हे इथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. तसबीर म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला कृष्णधवल फोटो, मागं फोटो स्टुडिओचा शिक्का. मागं नाव मात्र लिहू नका, नाहीतर सगळा गोंधळ पहिल्याच प्रवेशात उलगडेल. घेरीचा प्रवेश अंबाबाईच्या महाद्वाराबाहेर, भर उन्हात, आणि कृत्तिका समोरच्या माडीवरनं बघतेय. माडी खरंच उंच करा, तिला वरनं फक्त दिसलं पाहिजे, ऐकू काही येता कामा नये, सगळी गंमत त्यात आहे.

सेटवर पैसे घालवू नका. मागं एकच रंगवलेला पडदा, फोटो स्टुडिओत असायचा तसा, बाग आणि कमान. बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले त्या गावात हा पडदा शोभतोच, आणि तोच बैठकीला, रस्त्याला, बागेला चालतो. फाल्गुनरावाला कोट, धोतर, काळी टोपी, कृत्तिकेला नऊवारी आणि कोल्हापुरी साज, बास.

भाषेत हात घालायचा तर गद्यात घाला. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या, त्याला रांगडी कोल्हापुरी द्या, "व्हय जी मालक, म्या बघितलं की", पण सगळ्यांनाच ती दिली तर माणसं एकसारखी ऐकू येतात. पात्रांची नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची आहेत ती तशीच ठेवा. आणि पदांचा एक शब्दही बदलू नका, त्यात स्टुडिओ, टांगा, रंकाळा कोंबायचा मोह होतो, पण देवलांचे शब्द चालीत असे बसलेत की एक काढला की तानेची जागाच जाते.

पदं कमी मात्र करावी लागतात. पूर्वी प्रयोग रात्रभर चालायचे, आता अडीच तास. दहा-बारा ठेवा आणि निवडताना गोष्ट कुठलं पद पुढं नेतं ते बघा. मृगनयना काढू नका, दरबारी रागातलं ते पद ऐकायलाच अर्धं थेटर आलेलं असतं. साथीला ऑर्गन आणि तबला पुरे, ट्रॅक लावून गाऊ नका हो, नट श्वास घेईल तिथं साथीनं थांबायला पाहिजे, ट्रॅक थांबत नाही. रेवती मुलगी करणार असेल तर सूर आधी ठरवा, तिची पट्टी काळी चार आणि अश्विनशेटची काळी एक असेल तर एकत्र प्रवेशात एक पद संपून दुसरं सुरू होताना मधे दोन वाक्यं गद्य ठेवा म्हणजे कान सावरतो.

फाल्गुनराव निवडताना गळा बघू नका, टायमिंग बघा. आणि त्याला हसवायला सांगू नका. त्याला खरंच वाटतंय की बायको हातातनं गेली, त्याची झोप उडालीय, तो जितका कळवळून बोलेल तितके लोक हसतील. कृत्तिकेचंही तेच, तिला कजाग करून टाकलं की नाटक गेलं, तिचा संशय नवऱ्यावरच्या जिवातनं आलाय.

फोटो पहिल्या तालमीपासनं हातात द्या, प्रॉम्प्टरकडं एक कागद ठेवा, कुठल्या प्रवेशाला फोटो कुणाकडं, खिशात का हातात. जास्तीच्या दोन प्रती विंगेत.

देवल १९१६ मध्येच गेले, त्यामुळं मूळ संहितेवर कॉपीराइट राहिलेला नाही, पण दुसऱ्या कुणी नंतर प्रयोगासाठी कापून बसवलेली संहिता, म्हणजे रंगावृत्ती, उचलू नका, कात्री स्वतः चालवा. कापलेली, बदललेली संहिता नाटकं तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्या, आणि ते हातात आल्यावरच तिकिटं छापा.