आठवी ते दहावीसाठी कॉम्प्युटरची स्टँडर्ड्स आपल्याच शाळेत कशी लिहायची

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, इकडच्या बऱ्याच शाळांत कॉम्प्युटरचा पिरियड आहे, लॅब पण आहे, पण वर्ष संपताना मुलाला नक्की काय यायला हवं, म्हणजेच स्टँडर्ड्स, ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका म्हणजेच सिलॅबस असं धरून चालतं सगळं. हे बदलायला बोर्डाची वाट बघायची गरज नाही, शाळेतले दोन-तीन टीचर उन्हाळ्याच्या सुट्टीत बसले तरी होतं, आणि खरं सांगते, व्हायलाच पाहिजे.

कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. अमेरिकेतल्या कॉम्प्युटर सायन्स टीचर्स असोसिएशनची, म्हणजे सीएसटीएची २०१७ ची स्टँडर्ड्स नेटवर फुकट वाचता येतात, त्यांनी विषयाचे पाच भाग केलेत: कॉम्प्युटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि इंटरनेट, डेटा, अल्गोरिदम (म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या) आणि प्रोग्रामिंग, आणि कॉम्प्युटिंगचे समाजावरचे परिणाम. हे पाच भाग उचला, वाक्यं मात्र आपल्या मुलांकडे बघून आपली लिहा. आपल्याकडे एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संस्थेचा सीएसपाठशाळा हा शाळांसाठीचा उपक्रम आहे, त्यांच्याकडे कॉम्प्युटर न लावता करायच्या भरपूर अ‍ॅक्टिव्हिटी मिळतील. आणि मॅनेजमेंटला पटवायचं असेल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची प्रत सोबत न्या, मिडल स्टेजपासून कोडिंग असावं असं त्यात सरळ लिहिलंय.

आता मुख्य काम. स्टँडर्ड म्हणजे धड्याचं नाव नाही आणि सॉफ्टवेअरचं नाव तर अजिबात नाही. "स्क्रॅचमधले लूप समजणे" (स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं मुलांचं सॉफ्टवेअर) असं लिहिलं तर ते तपासणार कसं? त्याऐवजी असं लिहा: "प्रोग्राममध्ये तीच सूचना परत परत आलेली ओळखून ती लूपने लिहिता येते, आणि लूप किती वेळा फिरेल ते रन करायच्या आधी सांगता येतं." यात मूल काय करणार ते डोळ्यांना दिसतं, उद्या स्क्रॅच सोडून पायथन घेतलं तरी वाक्य तसंच राहतं. समजणे, जाणून घेणे, माहिती होणे ही क्रियापदं दिसली की खोडा. ओळखतो, दुरुस्त करतो, तुलना करतो, कारण सांगतो अशी घाला.

प्रत्येक वाक्याला एक चाचणी लावा, यात आळस नको. ते वाक्य दोन टीचरना वेगवेगळं द्या आणि दोघांना त्यावर एकेक प्रश्न काढायला सांगा. एकाने व्याख्या विचारली आणि दुसऱ्याने प्रोग्राम लिहायला दिला तर वाक्य ढिलं आहे, परत लिहा.

मग तिन्ही इयत्तांची चढण नीट लावा. डेटाचंच घ्या. आठवीत मुलांनी वर्गातला कोण कशाने शाळेत येतं, कुठून येतं याची माहिती गोळा करून टेबलात भरायची. नववीत तीच शीट साफ करायची, आणि इथे खरी मजा येते कारण एकाने कोपरखैरणे लिहिलेलं असतं, दुसऱ्याने कोपर खैरणे, तिसऱ्याने नुसतं के.के., आणि कॉम्प्युटर त्यांना तीन वेगळी गावं समजून मोजतो, मुलांना डेटा साफ करणं का लागतं हे त्या एका कॉलममध्ये कळतं. दहावीत त्यावरून चार्ट काढून निष्कर्ष मांडायचा आणि या डेटावरून काय सांगता येत नाही हेही लिहायचं. विषय तोच, पण दर वर्षी मुलाकडून मागणी वाढते.

लॅबमध्ये मशीन कमी आहेत म्हणून अल्गोरिदम सोडू नका हो. हजेरीची आडनावाप्रमाणे लावलेली ६० नावांची यादी घ्या, एका मुलाने मनात नाव धरायचं, बाकीच्यांनी मधलं नाव उचलून "याच्या आधी की नंतर" विचारत जायचं, प्रत्येक वेळी निम्मी यादी गळते आणि जास्तीत जास्त ६ प्रश्नांत नाव सापडतं. यादी शफल करून परत खेळायला लावा, म्हणजे बायनरी सर्चला, निम्मी यादी गाळत शोधायच्या या पद्धतीला, यादी आधी क्रमाने लावलेली का लागते ते मुलं स्वतःच सांगतात.

समाजावरच्या परिणामांचा भाग शेवटच्या पानावर ढकलू नका, मुलांच्या हातात घरचा फोन आहे, यूपीआय आहे. "ओटीपी मागणारा मेसेज खोटा आहे हे कोणत्या खुणांवरून ठरवलं ते सांगता येतं" हे चांगलं स्टँडर्ड आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना मूल धरलंय आणि त्यांचा डेटा वापरायला पालकांची संमती लागते, दहावीच्या मुलांना एखाद्या अ‍ॅपच्या परवानग्या यावर तपासायला लावा, छान वाद रंगतात.

आकडा आवरा. आठवड्याला दोन पिरियड आणि वर्षाचे ३० आठवडे धरले तर ६० होतात, त्यातले परीक्षा, गॅदरिंग, पावसात बंद पडलेल्या लोकलचे दिवस वजा केले की ४५ धरा. एका स्टँडर्डला शिकवणं, सराव आणि तपासणी मिळून तीन पिरियड तरी लागतात, म्हणजे एका इयत्तेला १५ च्या वर नको. यादी ४० ची झाली असेल तर कापा, मन घट्ट करून.

पहिल्या वर्षी हे फक्त आठवीला लावा. प्रत्येक युनिट टेस्टनंतर कोणत्या स्टँडर्डवर निम्मा वर्ग अडकला ते त्याच कागदावर पेनाने लिहून ठेवा, आणि नववीची यादी पक्की करायला एप्रिलमध्ये बसाल तेव्हा तोच कागद समोर घ्या.