अडकलेली फाइल पुन्हा सबमिट करू नका: कनेक्ट:डायरेक्टमधल्या प्रोसेस कशा सांभाळाव्यात

कनेक्ट:डायरेक्ट म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फाइली पाठवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर; त्यात पाठवणीच्या कामाला प्रोसेस म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या बँकांमधून दिवसअखेरच्या फाइली मुंबईच्या डेटा सेंटरला पाठवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सर्व्हर लिनक्सवर आहे असं धरलं आहे.

सर्व्हर सीडीपीएमजीआर (cdpmgr) या कमांडने सुरू करा, सोबत इनिटपार्म (सर्व्हरच्या सेटिंगच्या) फाइलचा पूर्ण पत्ता द्या. समोरचा नोड (म्हणजे पलीकडचा सर्व्हर) नेटमॅपमध्ये, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीत, हवा आणि फायरवॉलमध्ये 1364 पोर्ट उघडा हवा. मग डायरेक्ट क्लायंटमधून (कमांड देण्याच्या प्रोग्रॅममधून) प्रोसेस सबमिट करा. जो प्रोसेस नंबर मिळेल तो लगेच रजिस्टरला लिहा, पुढे सगळं त्या नंबरावर चालतं.

प्रोसेस लिहिताना कॉपीला (फाइल पाठवण्याच्या पायरीला) चेकपॉइंट लावाच, म्हणजे लाइन तुटली तर मधल्या खुणेपासून पुढे जाता येतं. त्यानंतरची रन टास्क (दुसरा प्रोग्रॅम चालवणारी पायरी) इफच्या अटीत ठेवा: कॉपीचा रिटर्न कोड 0 आला तरच ती चालावी. 4 म्हणजे इशारा, 8 म्हणजे चूक.

आता खरी अडचण. फाइल पोचली नाही म्हटलं की "परत सबमिट कर" हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. जुनी प्रोसेस बहुतेक वेळा मेलेली नसते, रांगेत असते. लाइन आली की तीही जाते आणि तुमची नवीही जाते. कॉपीत डिस्पोझिशन मॉड (असलेल्या फाइलच्या शेवटी जोडा) असेल तर समोरच्या फाइलला तोच मजकूर दुसऱ्यांदा जोडला जातो, आणि एकाच खात्यात दोनदा जमा दिसते. शिवाय जुनी प्रोसेस शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे सरकते, नवी मात्र शून्यापासून सुरू होते.

म्हणून आधी सिलेक्ट प्रोसेस ही कमांड द्या आणि प्रोसेस कोणत्या रांगेत आहे ते बघा. रांगा चारच: एक्झिक्युशन, वेट, टायमर आणि होल्ड. टायमरमध्ये असेल तर हात लावू नका. ती ठरलेल्या वेळेची वाट बघतेय किंवा तुटलेली लाइन पुन्हा जोडू बघतेय. पुन्हा जोडण्याचे प्रयत्न संपले की प्रोसेस होल्डमध्ये जाऊन बसते. 30 सेकंदांनी 6 वेळा आणि नंतर 10 मिनिटांनी 6 वेळा अशी मांडणी असेल तर तासाभरात सगळं संपतं. आपल्याकडे रस्ता खोदताना केबल तुटली की निम्मा दिवस जातो, तेव्हा 10 मिनिटांचे प्रयत्न 6 वरून 36 करा. सहा तास निभतात.

होल्डमध्ये असेल तर स्टेटस वाचल्याशिवाय रिलीज करू नका. एचई (HE) असेल तर चूक झाली आहे: सिलेक्ट स्टॅटिस्टिक्स कमांडच्या नोंदींमध्ये कारण शोधा, ते दूर करा, मगच चेंज प्रोसेसने रिलीज द्या. एचओ (HO) म्हणजे ऑपरेटरने मुद्दाम थांबवली आहे, त्याला विचारा. एचआर (HR) दिसली की नवखा माणूस हमखास फसतो. ती अडकलेली नसते; रिटेन (प्रोसेस पुन्हा वापरायला राखून ठेवा) लावल्यामुळे काम आटोपून पुढच्या वेळेसाठी थांबलेली असते. ती रिलीज केली की कालची फाइल आज पुन्हा रवाना होते!

रांगेतली, न चालणारी प्रोसेस काढायला डिलीट कमांड, चालू असलेली थांबवायला फ्लश.

सर्व्हर बंद करताना साधा स्टॉप द्या, चालू प्रोसेस पूर्ण होऊ देतो. वीज गेली आणि यूपीएस उतरत आला तर स्टॉप स्टेप द्या, चालू पायरी आटोपून थांबतो. फोर्स या दोन्हींनी काम झालं नाही तरच.