घाटासाठी बदललेले पुढचे ब्रेक
घाट उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडू लागले, म्हणून पुढच्या चाकांच्या सपाट डिस्क काढून त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात येणाऱ्या, आत हवेच्या फटी असलेल्या डिस्क, त्यांचे कॅलिपर (डिस्कवर घर्षणाचे पॅड दाबणारे भाग) आणि पोलादी जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) मी घरीच बसवले. गाडी नुसत्या जॅकवर ठेवली नाही, स्टँडवर टेकवली. यात तडजोड नको. हबच्या, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण घासून काढला, कारण तिथे पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही वाकडी फिरते आणि पेडल थरथरते. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापाने आवळले. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. त्यामुळे जुने ऑइल संपूर्ण बदलून, कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याच्या तोटीला) लावलेल्या पारदर्शक नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. (हे ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून पाण्याची बादली शेजारीच होती.) शेवटी मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने वेग पुन्हा पुन्हा कमी करून पॅड बसू दिले आणि गाडी थंड झाल्यावर होजचे सांधे तपासले, कुठेही ओल नव्हती.