नावावर खोली आहे आणि नोकरी गेली: बेकारीचा भत्ता मिळवायचा कसा?

परळ-लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आज लाखांत जाते, पण तिच्या भिंती विकून कुणी महिन्याचं राशन भरत नाही. तरी नोकरी सुटली की माणसं म्हणतात, "माझ्या नावावर घर आहे, मला कोण भत्ता देणार?" आणि अर्जच करत नाहीत. हे पाहून जीव तुटतो, कारण मुंबईतल्या बऱ्याच कामगारांच्या बाबतीत घराचा इथे संबंधच येत नाही.

आधी जुनी सॅलरी स्लिप काढा. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) नावाने ०.७५ टक्के कापलेले दिसतात का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो, मालक वर ३.२५ टक्के भरतो. कपात झाली असेल तर बेकारीचा भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुमच्यासाठी आहे. हप्ते तुम्ही भरलेत, म्हणून इथे घर, शेत, सोनं काही मोजत नाहीत.

मग अटी तपासा. बेकारीच्या आधी किमान दोन वर्षं विमा चालू हवा. लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तितकीच. सहामाही म्हणजे एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. स्वतः राजीनामा दिला किंवा गैरवर्तनासाठी काढलं, तर मिळत नाही. म्हणून मालक "राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो" म्हणाला तर सही करायच्या आधी थांबा. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा.

मिळतं किती? दोन वर्षांची एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. महिना १८,००० असेल तर दिवसाला साधारण २९६, म्हणजे सगळे मिळून साडेसव्वीस हजारांच्या आसपास. ही मदत आयुष्यात एकूण ९० दिवसांचीच.

नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी ईएसआयसीच्या (हा विमा चालवणारं महामंडळ) पोर्टलवर दावा भरा, छापील प्रत, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स आपल्या शाखा कार्यालयात द्या. मालकाची शिफारस लागत नाही. विमा क्रमांकाला आधार आणि बँक खातं जोडलंय का, ते आजच पाहा. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तीही तपासा. शाखा सापडली नाही तर लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर ईएसआयसीच्या पंचदीप भवनात विचारा.

घर आडवं येतं ते दुसरीकडे. केंद्र सरकारच्या नव्या नोकरीसाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला हवा असेल, तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतंच, शिवाय १,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट किंवा ५ एकर शेती असेल तर दाखला मिळत नाही. वेगवेगळ्या ठिकाणची मालमत्ता एकत्र धरतात. मुंबईची खोली यात सहज बसते, अडचण येते ती गावच्या जमिनीची. सातबाऱ्यावर काका-चुलत्यांसोबत नाव असेल तर आपला हिस्सा दाखवणारा कागद तहसील कार्यालयात जाण्यापूर्वीच तयार ठेवा.