एक्सेल न सोडणाऱ्या टीमसाठी बीआय टूल कसं निवडायचं

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात कुठल्याही कंपनीत जा, अकाउंट्सवाले एक्सेल उघडून बसलेले दिसतील, आणि त्यांना ते सोडा म्हणायचंच नाही. बीआय टूलचा, म्हणजे डेटावरून रिपोर्ट आणि चार्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो बघायच्या आधी दोन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. मी पिंपळगावकडे एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये बसलो तेव्हा कळलं की तिथल्या ताई रोज संध्याकाळी वजनाच्या पावत्यांवरून शीट भरतात, प्लॉटप्रमाणे पिव्हट (एक्सेलमधला गटवार बेरजेचा तक्ता) लावतात आणि रिजेक्शन जास्त असेल तो सेल पिवळा करतात. तो पिवळा सेल नव्या टूलमध्ये दिसला नाही तर त्या टूलकडे बघणार पण नाहीत.

एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळींवर थांबते, पण बहुतेकांचं दुखणं ते नसतंच, एकाच फाईलच्या चार कॉप्या फिरतात आणि प्रत्येकीत टनेज वेगळं. म्हणून आधी डेटा एका जागी आणा.

मग मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय बघा, त्यातल्या मॉडेलवर (एकत्र जोडून ठेवलेल्या डेटावर) थेट एक्सेलमधून पिव्हट लावता येतो आणि पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायचं साधन) दोन्हीकडे असते म्हणजे शिकलेलं वाया जात नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचं ॲप, फुकट आहे, पण रिपोर्ट टीममध्ये शेअर करायला सहसा पैसे मोजावे लागतात, हे मालकांना आधीच सांगा. गुगल शीट्स वापरत असाल तर गुगलचंच रिपोर्ट टूल लुकर स्टुडिओ थेट शीटला जोडता येतो.

ट्रायल मात्र ताईंच्या कालच्या फाईलवरच घ्या, माऊस त्यांच्याच हातात द्या, आणि बेरीज जुन्या शीटशी जुळली नाही तर तिथेच थांबून कारण शोधा.