नागपूरच्या उन्हात टिकेल असं कोंबड्यांचं खुराडं

नेटवर खुराड्याचे जेवढे प्लॅन सापडतात ते बहुतेक थंड देशातले असतात, लाकडाचं गोड छोटंसं घर, चारी बाजूंनी बंद अन् एक इवलीशी खिडकी. मी पहिलं खुराडं तसंच बनवून घेतलं होतं, वेल्डरला मोबाईलमधला फोटो दाखवून, फक्त लाकडाच्या जागी टीन, अन् दिसायला मस्तच होतं, येणारा-जाणारा थांबून पाहायचा. मग मे आला. दुपारी दोनला जाऊन पाहतो तर चारही कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या, गळा नुसता थरथर करून राहिला, अन् शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणतात, "काहून रे, कोंबड्या भाजायला ठेवल्या का?" त्यातल्या दोन त्याच आठवड्यात गेल्या.

कोंबडीला घाम येत नाही, गरमी बाहेर काढायला तिला मुख्य आधार धापा टाकण्याचाच. पारा तीस अंशांच्या पार गेला की तिला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडं मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. म्हणून इथं खुराड्याचं डिझाइन मे महिना डोळ्यासमोर ठेवूनच करायचं, थंडीचं नंतर पाहू, डिसेंबर-जानेवारीत रात्री बोऱ्याचा पडदा सोडला की भागते.

आधी किती कोंबड्या ते ठरवा. घरात चार माणसं असतील तर सहा पुरे. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, त्यामुळे रोज आमलेटचा हिशोब लावून बसू नका, पण ती उन्हाला चिवट असते न, म्हणून मी तिच्याच बाजूचा. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, फक्त पिल्लं निघत नाहीत, अन् पहाटे चारला शेजारी उठत नाहीत हा फायदा वेगळा.

जागेचं गणित सोपं आहे, झोपायच्या खोलीत एका कोंबडीला ४ चौरस फूट, हिंडायच्या जाळीत १०. सहा कोंबड्यांना खोली ६ बाय ४ अन् जाळी १० बाय ६ झाली. उंची मात्र तुम्ही आत उभं राहू शकाल एवढी ठेवा, साडेसहा फूट तरी, वाकून वाकून घाण काढायचा कंटाळा येतो आणि मग काढणंच होत नाही, माझं झालं आहे तसं.

सगळ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे उन्हाच्या तोंडावर फक्त आखूड बाजू येते. खोली पूर्वेच्या टोकाला घ्या, सकाळचं कोवळं ऊन खाली अंथरलेलं धानाचं तूस वाळवते, अन् संध्याकाळचं पश्चिमेचं चटका देणारं ऊन आधी जाळीवर पडते. जाळीच्या पश्चिम बाजूला बुरडाकडून आणलेला बांबूचा तट्टा लावा. कडुनिंबाखाली जागा असेल तर प्रश्नच नाही.

पण खरा खेळ छताचा आहे. मेच्या शेवटी, नेमका नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, सुरू होतो तेव्हा, २६ तारखेच्या आसपास आपल्या नागपुरात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब होते, म्हणजे त्या दिवसांत दुपारी भिंतीची सावली काही कामाची नाही, सगळं ऊन छत झेलते. नुसतं टीन टाकलं की तवा झाला समजा. टीन टाकायचंच असेल तर वरून चुना मारा अन् त्यावर पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) नाहीतर धानाच्या तणसाचा जाड थर द्या, दोरीनं नीट बांधून, नाहीतर पहिल्याच वावटळीत ते शेजारच्यांच्या गच्चीवर. कुठं जुने कवेलू (कौलं) मिळाले तर त्याहून भारी. छत भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट काढा, पावसाची झड आत येत नाही. अन् छत आणि जाळी यांच्यामध्ये वरून गरम हवा निघायला फट ठेवा, त्या फटीलाही जाळी लागेल हे विसरू नका.

भिंती फक्त दीड फूट विटांच्या, त्यावर सगळी जाळी. बंद खोली नकोच. जुन्या कूलरची खस पडली असेल तर मेमध्ये पश्चिमेला टांगून ओली करा, वारा आरपार जात असेल तर आतलं लगेच जाणवते. जुलैत मात्र ती काढून ठेवा, तेव्हा हवाच दमट असते, उलट तूस ओलं होऊन वास सुटतो.

आता जाळी. षटकोनी भोकांची ती स्वस्त कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, मुंगसाला बाहेर ठेवायला नाही. अर्धा इंच भोकाची वेल्ड जाळी घ्या, इतवारीत लोहा ओळीकडं, लोखंडी सामानाच्या बाजारात, चक्कर मारा. महाग पडते, पण मुंगूस मोठ्या भोकातून पिल्लू ओढते, अन् धामण अंड्यांसाठी येते ती वेगळी. जाळी जमिनीपाशी संपवायची नाही, बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरवायची अन् वर माती-दगड टाकायचे. मुंगूस भिंतीला चिकटून उकरते, खाली जाळी लागली की दोन-तीनदा खरवडून निघून जाते, आमच्या मागच्या कोपऱ्यात अजूनही तो नखांनी उकरलेला खड्डा आहे. दाराला एक कडी नको, खाली-वर दोन लावा.

आतलं थोडक्यात सांगतो. बसायला दोन इंच रुंद लाकडी पट्टी, कडा घासून गोल केलेली, जमिनीपासून अडीच फुटांवर, एका कोंबडीला ९ इंच. अंडी घालायची पेटी त्याच्यापेक्षा खालीच पाहिजे, वर ठेवली तर त्या रात्री पेटीतच झोपतात अन् सकाळी अंडं शेणानं माखलेलं. सहा कोंबड्यांना दोन पेट्या बस, १२ इंच लांब-रुंद-उंच. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची जुनी लाकडी पेटी मिळाली तर तीच आडवी करा अन् तोंडाशी तीन इंचांची पट्टी ठोका. खाली तीन इंच धानाचं तूस, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं, ओलं दिसलं तेवढं काढून टाकायचं. वास येतो तो ओलाव्यामुळे, कोंबडीमुळे नाही, हे काकूंना पटायला सहा महिने अन् दोन डझन अंडी लागली.

पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा बदलून. एरवी एक कोंबडी पाव लिटर पिते, मेमध्ये दुप्पट. दाणा सकाळी लवकर अन् ऊन उतरल्यावर, भर दुपारी पोट भरलं की आतली गरमी वाढते. रात्री दाणा पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा, नाहीतर घूस येते.

पिल्लं आणाल तर मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली का ते विचारूनच आणा, पहिला लासोटा, म्हणजे त्याच लसीचा डोस, पहिल्या आठवड्यातच देतात. बांधकाम दिवाळीपर्यंत उरका अन् कोंबड्या नोव्हेंबरात आणा, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत त्या जागेला सरावतात. एका जुन्या टायरमध्ये चुलीची राख अन् कोरडी माती भरून जाळीत ठेवा, त्यात लोळून त्या अंगावरच्या पिसवा झटकतात. अन् महिन्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन बसायच्या पट्टीची खालची बाजू पाहा, लाल माइट, म्हणजे कोंबडीचं रक्त पिणारी बारीक कीड, दिवसा फटीत लपते अन् अंधारातच बाहेर निघते.