मुंबई इंडियन्स जिंकली, जिंकला की जिंकले? या चुका टाळा

मार्च 2024 मध्ये वानखेडेवर रणजी करंडकाची अंतिम लढत झाली. मुंबई जिंकली, विदर्भ हरला. हे वाक्य लिहायला कुणालाही शिकवावं लागत नाही. मुंबई ती, विदर्भ तो. क्रियापद नावामागून गुमान चालतं. आयपीएल सुरू झाली की मात्र हीच मंडळी गडबडतात. एकाच बातमीत मथळ्यात 'इंडियन्स जिंकली', पहिल्या परिच्छेदात 'जिंकले' आणि छायाचित्राच्या ओळीत 'जिंकला'. क्रीडा पानावर उपसंपादन करताना मी हे इतक्यांदा दुरुस्त केलंय की आता मनापासून वैताग येतो.

घोळ होतो तो नावाच्या शेवटच्या 'स'मुळे. तो इंग्रजीतल्या अनेकवचनाचा आहे. मराठीत आल्यावर 'मुंबई इंडियन्स' हे एका संघाचं नाव आहे. म्हणून 'इंडियन्सने', 'इंडियन्सनी' नाही. 'इंडियन्सांनी' तर नकोच, तिथे अनेकवचनावर आणखी एक अनेकवचन चढतं. माझी सवय सोपी आहे. शक्य तिथे 'ने' लावून कर्म घ्यायचं: 'मुंबई इंडियन्सने 2013 ते 2020 या काळात पाच विजेतेपदं पटकावली.' क्रियापद विजेतेपदांमागे गेलं, संघाच्या लिंग-वचनाचा प्रश्नच उरला नाही. कर्म नसेल तिथे 'संघ' शब्द जोडायचा: 'नाइट रायडर्सचा संघ अंतिम फेरीत पोहोचला.' बोलताना 'रायडर्स जिंकले' मीही म्हणतो. पण लिहिताना एका ठिकाणी 'जिंकले', पुढच्या ओळीत 'जिंकला' असं धरसोडीचं नको.

हे सगळं एका नवशिक्या उपसंपादकाला मी नीट समजावलं होतं. रात्रीचा सामना लांबला, डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, वेळ भरत आली. त्याच्या बातमीत सगळीकडे 'सुपर किंग्जनी', 'इंडियन्सनी' होतं. एकेक ओळ वाचून सुधारायला दहा मिनिटं लागली असती. त्याने 'शोधा आणि बदला'मध्ये 'नी' टाकून त्याचं सरसकट 'ने' केलं आणि पान सोडलं. सकाळी छापून आलं 'धोने'. 'त्यांनी'चं 'त्यांने' झालं होतं आणि गोलंदाज 'नेट' टप्प्यावर मारा करत होता. वाचकांचे फोन मी घेतले. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर प्रत्ययाची दुरुस्ती हातानेच होते, कितीही उशीर झाला तरी. घाई असणाऱ्याने बातमी दोन ओळींनी कमी करावी, पण असली युक्ती करू नये.

त्याच बातमीतलं 'त्यांनी' मुळात बरोबर होतं, हेही सांगायला हवं. 'मुंबई हरली. त्यांचे शेवटचे पाच गडी झटपट बाद झाले.' पहिल्या वाक्यात संघ एकवचनी, दुसऱ्यात सर्वनाम अनेकवचनी, कारण तिथे आपल्या डोळ्यांसमोर खेळाडू येतात. मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. नियम पाळायचा म्हणून 'तिचे शेवटचे पाच गडी' करू नका.

'मुंबईने सामना हरला' हे चूक आहे. मुंबई सामना हरली, किंवा मुंबईने सामना गमावला.

'भारत खेळत आहेत' हे इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरातून येतं. ब्रिटिश इंग्रजीत देशाचं नाव संघ म्हणून आलं की क्रियापद अनेकवचनी होतं. आपल्याकडे भारत खेळतो आहे.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा 'भारत विश्वविजेती' असा मथळा माझ्यापुढे आला होता. लिहिणाऱ्याचा आनंद मला कळला, पण खेळाडू महिला आहेत म्हणून भारताचं लिंग बदलत नाही. हरमनप्रीत विश्वविजेती, भारत विश्वविजेता, आणि आपल्या मुली जिंकल्या. तिन्ही लिहा, हवं तितक्या मोठ्या टाइपात लिहा.

कबड्डीत एक नाव माझं फार लाडकं आहे: पुणेरी पलटण. पलटण हा आपल्यात मुरलेला स्त्रीलिंगी शब्द, त्यामुळे लिंगाची शंकाच नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पलटण जिंकली. तरी लोक 'पलटणने' लिहितात, जणू नावाला हात लावला तर ते मोडेल. पुणेरी पलटणीने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं. 'पलटणीने' मोठ्याने म्हणून बघा, जीभ कुठेही अडत नाही. तसंच फुटबॉलमध्ये. एफसी गोवाने नव्हे, एफसी गोव्याने.